माहेरची कोळंबी

दादाची कोळंबी मरायला लागलीय, हे मला कोणी सांगितलं नाही. वहिनी फोनवर "बाकी सगळा बरा आसा" असं जरा जास्तच वेळा म्हणाली, त्यावरून मी ओळखलं. आमच्या माहेरी ‘बाकी’ आलं की समजायचं, काहीतरी आहे. मग खोदून खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. खालच्या तळ्यातली कोळंबी काठाला येऊन सुस्त फिरते, टाकलेलं खाणं तसंच पडून राहतं आणि सकाळी जाळीत थोडी मेलेली निघते.

"थोडी म्हणजे किती, वहिनी?"

"थोडीच, वन्सं. तुमी कित्याक काळजी करतास? तुमची तब्येत कशी आसा?"

माझी तब्येत! मी कपाळाला हात लावला. नुकती कामावरून आले होते, पायातल्या चपला काढल्या नव्हत्या, कुकर लावायचा होता, आणि इथे तळ्यात कोळंबी मरतेय तर हिला माझ्या तब्येतीचं पडलंय. ही माणसं अशीच. आपल्या घराला आग लागली तरी आधी समोरच्याला विचारतील, जेवलास का.

दादा माझा मोठा भाऊ. आमचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा दादा नुकता भांडुपच्या एका कारखान्यात लागला होता, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, सुटलो. पुढे तोही कारखाना बंद पडला. ‘बंद’ हा शब्द ऐकून ऐकून आमच्या घराला त्याचं काही वाटेनासंच झालं होतं. मुंबईत आणखी काही वर्षं इकडेतिकडे काढून, पन्नाशी उलटल्यावर दादा वहिनीला घेऊन मालवणकडच्या आमच्या गावी निघून गेला. तिथे खाडीला लागून आमची थोडी खाजण जमीन आहे, खारं पाणी भरणारी, भाताच्या काही कामाची नाही अशी. त्यात त्याने दोन तळी खणून घेतली, एक वर, एक खाली, मध्ये मातीचा बांध, आणि कोळंबी पाळायला लागला. गावातले लोक हसले. समुद्राच्या काठावर राहून कोळंबी पाळतोय म्हणे! पण पहिला माल चांगला निघाला, दुसराही निघाला, तेव्हा हसणारेच काठावर येऊन उभे राहायला लागले. कित्येक वर्षांनी मी दादाला फोनवर खुशीत बोलताना ऐकलं. आता ही तिसरी खेप चालू होती.

आणि मी? मी अंधेरीला एका लॅबमध्ये जंतू मोजते. हॉटेलातला बर्फ, टँकरचं पाणी, पनीर, कापून विकायची फळं, सगळ्यांचे नमुने येतात. ते काचेच्या बशांत लावायचे, उबेत ठेवायचे, दुसऱ्या दिवशी उगवलेले ठिपके मोजायचे. घाटकोपरहून मेट्रोने जायचं, मेट्रोने यायचं, मध्ये अख्खा दिवस ठिपके. मान दुखते, डोळे चुरचुरतात आणि बाहेर काही खायची इच्छा कायमची गेलीय. गावाकडे मला डॉक्टरीण समजतात. कितीदा सांगितलं, बाबांनो, मी डॉक्टर नाही, मला साधी सर्दीची गोळी लिहून देता येत नाही. ऐकतील तर शपथ.

पण या वेळी मात्र मला खरंच काहीतरी कळत होतं. दादाने फोनवर जे सांगितलं त्यावरून मला जंतूंचा संशय आला. व्हिब्रिओ म्हणतात त्यांना. कॉलऱ्याच्या जंतूंचे चुलतभाऊच, पण यांच्यातले काही कोळंबीच्या मागे लागतात. आपण ती नीट शिजवून खाल्ली तर आपल्याला काही होत नाही, कोळंबीची मात्र पार वाट लागते. तिच्या डोक्याच्या कवचाखाली एक ग्रंथी असते, तिचं यकृतच म्हणा. तिथे हे घुसतात आणि कोळंबी आतून रिकामी होत जाते. उन्हाळ्याचं पाणी तापलं, तळाशी खाण्याचा गाळ साचला की हे असे माजतात की विचारू नका.

खालचं तळं गेल्यात जमा होतं, हे मला पहिल्या फोनलाच कळलं होतं. प्रश्न वरच्या तळ्याचा होता. वरच्या तळ्यातली कोळंबी अजून चांगली खात होती, उड्या मारत होती. खाली जंतूच असतील तर वरचा माल लहान तर लहान, ताबडतोब काढून मोकळं व्हायचं, कारण बांधापलीकडे जायला जंतूंना किती वेळ लागणार? तेच जाळं, तीच बादली, तेच पाय दोन्ही तळ्यांत. आणि खाली नुसतं पाणी बिघडलं असेल तर घाबरायचं काही नाही, पाणी बदलायचं आणि वरची कोळंबी आणखी महिनाभर वाढू द्यायची. दादाला अर्थातच थांबायचं होतं. खालचं गेलं तरी वरच्यावर निभेल, असा त्याचा हिशोब होता. वरचंही गेलं असतं तर पुढच्या खेपेचं बी, म्हणजे कोळंबीची पिल्लं, विकत आणून सोडायची ताकद त्याच्यात नव्हती, आणि पुन्हा मुंबईला येऊन काम शोधायचं त्याचं वयही राहिलं नव्हतं. खाणं विकणारा दुकानदार त्याला रोज म्हणायचा, हे औषध टाका, ते औषध टाका.

"काही टाकू नकोस," मी म्हटलं. "आधी मला नमुना पाठव. खालच्या तळ्यातली, आजारी, मरायला टेकलेली कोळंबी. बर्फात घालून बसने पाठव. मी बघते."

"बरा," दादा म्हणाला. "तू सांगशीत तसा करतलंय, बाय."

किती गुणाचा भाऊ, असं वाटलं मला. वाटलं खरं.

बस पहाटे चेंबूरला येते. मी अर्धवट झोपेत रिक्षा करून गेले, ड्रायव्हरच्या पायापाशी ठेवलेला थर्माकोलचा डबा उचलला आणि परत आले. बर्फ वितळून पाणी गळत होतं. आमच्या इमारतीत बहुतेक सगळे शाकाहारी. लिफ्टमध्ये नेमक्या शेजारच्या बेन भेटल्या, देवळात निघालेल्या. त्यांनी हळूच पदर नाकाला लावला आणि गोड आवाजात "माहेरून आलं वाटतं?" असं विचारलं. मी हो म्हटलं. त्या बाहेर पडल्यावर मी फिनेलची बाटली आणून लिफ्ट पुसून काढली. सकाळचे सहासुद्धा वाजले नव्हते आणि माझा दिवस संपल्यासारखा झाला होता.

लॅबला न्यायच्या आधी एकदा बघावं म्हणून ओट्यावर डबा उघडला. आत स्टीलचा डबा. डब्यात कोळंबी, सोललेली. डोकी काढलेली. पाठीवर चीर देऊन काळा धागासुद्धा काढलेला. वर हळद, मीठ आणि आगळ लावून ठेवलेलं.

जे मला बघायचं होतं ते डोक्यात होतं आणि धाग्यात होतं. तेवढंच नेमकं गावी राहिलं होतं, बहुतेक कोंबड्यांनी खाल्लंही असेल. वर हळद-मीठ आणि कोकमाचं आंबट, म्हणजे जंतू असलेच तरी मेले असणार. मी वहिनीला फोन लावला.

"पोचली? साफ करून धाडलंय हां. तुमका कामावर जावचा आसता, खंय सोलत बसतल्यात? पटकन फोडणीक घाला."

"वहिनी, अहो मला ती तपासायची होती!"

"तपासा ना. खावन तपासा."

तिच्या गुडघ्यांनी कधीच संप पुकारलाय, तळ्यापर्यंत उतरणंही तिला जमत नाही, आणि तरी ही बाई आदल्या संध्याकाळी खाली बसून माझ्यासाठी कोळंबी सोलत बसली होती. मी फोन ठेवला. माझा नवरा दात घासत दारात उभा राहून सगळं ऐकत होता. "तपासणी होणार नाही ना?" त्याने विचारलं. "मग तळ." रात्री त्याने एकट्याने निम्मी संपवली आणि "झकास" म्हणाला. मला त्याचाही राग आला.

दुसऱ्या वेळी मी दादाला फोनवर एकेक गोष्ट पाठ करून घेतली. सोलायची नाही. धुवायची नाही. डोकं काढायचं नाही. हळद नाही, मीठ नाही, आगळ नाही. वहिनीच्या हातात द्यायचीच नाही. तो हो हो म्हणत गेला. पुन्हा चेंबूर, पुन्हा रिक्षा, पुन्हा फिनेल. या वेळी डबा थेट लॅबमध्ये नेऊन उघडला. आमच्या साहेबांनी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं, भला माणूस. आत केळीच्या पानावर कोळंबी ओळीने मांडलेली. एकेक कशी तजेलदार, मिशा शाबूत, कवच कडक. मी कापली. आतली ग्रंथी चांगली भरलेली, तपकिरी. आतडं खाण्याने भरलेलं. रीत म्हणून या जंतूंसाठी असतात त्या हिरव्या खाद्याच्या बशा लावल्या, तर दुसऱ्या दिवशी त्या जवळजवळ कोऱ्या. एवढी निरोगी कोळंबी मी स्वतः बाजारातून कधी आणली नसेल.

"दादा, ही खालच्या तळ्यातली आहे ना?"

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"वरच्यातली आसत. निवडून काढलंय."

"अरे पण मी आजारी मागितली होती!"

"खालच्यातली तुझ्या घराक कशी धाडू गो? बहिणीच्या घराक कोण रोगट वस्तू धाडता?"

देवा रे! मी लॅबच्या जिन्यात उभी होते, हातमोजे अजून हातात होते, आणि मला तिथेच पायरीवर बसून रडावंसं वाटलं. दादा मात्र खुशीत होता. "म्हणजे काय नाय ना?" असं त्याने मला पुन्हा पुन्हा विचारलं. मी सांगायचा प्रयत्न केला. बाबा रे, याचा अर्थ एवढाच की वरचं तळं आज चांगलं आहे. आज चांगलं आहे तोवरच माल काढ.

"बरी आसत तर कित्याक काढू?"

तो चुकीचं बोलत नव्हता. धडधाकट जनावर कोणी घाबरून कापत नाही. फक्त खाली काय चाललंय ते मला बघता आलेलं नव्हतं, आणि न बघता मी छातीठोकपणे कशी सांगू की मार उडी? मी म्हटलं, मग खालच्यातली पाठव. तो म्हणाला, बघतंय. ‘बघतंय’ म्हणजे नाही, हे मला चांगलं माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी वहिनीकडून कळलं की वरच्या तळ्याला खाणं वाढवलंय, बहिणीने तपासून बरं सांगितलंय म्हणून. माझा जीव मेटाकुटीला आला. मी नाही नाही म्हणत होते आणि तिकडे माझंच नाव घेऊन होकार चालू होता.

ही आमच्याकडची जुनी खोड आहे आणि ती मला लहानपणापासून माहीत आहे. माहेरवाशिणीला वानोळा द्यायचा तर घरातलं पहिलं आणि चांगलं द्यायचं. आमची आई आत्याकडे आंबे पाठवायची तेव्हा एकेक आंबा उजेडात फिरवून बघायची. डागी असेल तो आमच्या ताटात. तांदूळ पाठवायचे तर ते आधी पाखडून, खडे वेचून. आत्याला कधी कळलंच नसेल की आमच्याकडेही आंबे नासतात. दुःखाचंही तेच. वडिलांची गिरणी बंद पडली हे आत्याला आम्ही कळवलंच नव्हतं, तिला बाहेरून कळलं आणि ती चिडून धावत आली. लेकीबाळींच्या, बहिणींच्या घरी डागी काही जाता कामा नये, ना फळ, ना बातमी. मला हे सगळं समजतं. प्रेमच आहे हो ते, दुसरं काय. पण या घडीला मला त्या प्रेमाचा अगदी वीट आला होता. मला प्रेम नको होतं, मला एक मरायला टेकलेली कोळंबी हवी होती, आणि ती देणारं माझ्या माहेरात कोणी नव्हतं.

मी फोनवर ओरडले. खरंच ओरडले, इतकी की नवऱ्याने खिडक्या लावून घेतल्या. म्हटलं, तुमच्या लाजेपायी वरचं तळंही घालवाल. दोन्ही तळ्यांतली पाठवा, सडकं पाठवा, मेलेलं पाठवा, मला काही होत नाही, मी दिवसभर घाणच बघते. दादा ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "बरा, ओरडा नको." त्यानंतर काही दिवस त्याचा फोन नाही. मी लावला की रेंज नसायची. वहिनी म्हणायची, तळ्यावर गेलेत, बाकी सगळा बरा आसा.

मग एका सकाळी मी निघायच्या बेतात असताना फोन वाजला. दादा. म्हणे मी अंधेरीला उतरलोय, तुझ्या लॅबच्या गेटपाशी उभा आहे.

मी धावतपळत पोचले. समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर तो बसला होता. शेजारी त्याची मोठी पिशवी, आणि थर्माकोलचा डबा मात्र त्याने आपल्यापासून चांगला लांब, फुटपाथच्या कडेला ठेवला होता. दादा वाळला होता. गालाची हाडं वर आलेली, दाढी वाढलेली, शर्टाची कॉलर मानेपासून सुटलेली. मला एकदम वडील आठवले, गिरणी गेल्यानंतरचे. मी चहा मागवला.

"घे तो," त्याने हनुवटीने डबा दाखवला. "खालच्यातलीच आसत. तुका होयी तशी. पण घराक न्हेव नको हां."

"नाही नेत. आणि वरच्यातली आणलीस का? मी सांगितलं होतं, दोन्ही पाठव. ताडून बघायला लागतं."

तो चहाच्या पेल्यात बघत राहिला. "ती आसत पिशयेत. ती घराक, खावक. ती तपासू नको."

माझं डोकं फिरलं. एवढा रात्रभर बसून आला आणि अजून हेच! पण लॅब उघडायची वेळ झाली होती आणि त्याच्याकडे बघून भांडायचं बळ राहिलं नाही. घराची किल्ली त्याच्या हातात दिली, मेट्रो कुठे पकडायची ते सांगितलं, आंघोळ करून झोप म्हटलं. तो पिशवी खांद्याला लावून निघाला. वळून डब्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

डबा उघडायला मला जीव घट्ट करावा लागला, हे कबूल करते. या कामात इतकी वर्षं घालवली, काय काय बघितलं, पण ते कोणाकोणाचं असायचं. हे दादाचं होतं. कोळंबी मऊ पडलेली, कवच सैल, काहींच्या मिशा गळलेल्या. एकीचं डोकं उघडलं. ग्रंथी आक्रसून फिकट झालेली, चिमटीत धरली तर नुसतं पाणी. आतडं रिकामं, दोऱ्यासारखं. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. काचेवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर नुसती वळवळ. बशा लावल्या, त्यांचं उत्तर उद्या मिळणार होतं, पण त्याची गरज नव्हती. उद्या त्या हिरव्या बशा पिवळ्या ठिपक्यांनी भरून जातील, हे मला आजच दिसत होतं.

आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या हाताला काहीतरी पक्कं लागलं होतं. आता मी दादाला समोर बसवून सांगू शकत होते. आज संध्याकाळीच गावी फोन करायचा, उद्या पहाटे माणसं लावायची, वरच्या तळ्यात जाळी टाकायची आणि सगळा माल काढायचा. थोडा लहान आहे तर असू दे. वरचं तळं वाचत होतं. परतताना मेट्रोत मला बसायला जागा मिळाली आणि मी घाटकोपर येईपर्यंत डोक्यात वाक्यं जुळवत होते, दादा वाद घालेल तर काय म्हणायचं, वहिनी मध्ये पडली तर काय म्हणायचं.

घरी आले तर दादा आंघोळ करून, दाढी करून, माझ्या नवऱ्याचा सदरा घालून गॅलरीत बसला होता. पिशवीतून आणलेले नारळ, कोकमं, कुळथाचं पीठ ओट्यावर मांडून ठेवलं होतं. कोळंबीची पिशवी फ्रिजमध्ये होती. मी हात धुतले आणि ती बाहेर काढली. तपासू नको म्हणाला होता, पण दोन डोकी उघडून बघायला कोणाची परवानगी लागते? सुरी घेतली आणि पिशवी ताटात उपडी केली.

डोकं उघडायची वेळच आली नाही. ताटातल्या कोळंबीत काही बोटाएवढी होती, काही करंगळीएवढी, आणि एकदोन तर भलत्याच जातीची, लालसर. तळ्यातली कोळंबी एका दिवशी सोडलेली असते, एकाच खाण्यावर वाढते, सगळी एका मापाची निघते. वरच्या तळ्यातली मी हातात घेऊन कापली होती, मला तिचं माप आणि रंग ठाऊक होता. ही समुद्रातली होती. मी सुरी खाली ठेवली.

"दादा."

तो दारात आला. ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"दादा, ही तुझी नाही."

"नाय," तो म्हणाला.

"कुठून आणलीस?"

"हंयच. सकाळी उतरल्यावर. अंधेरी स्टेशनाकडच्या बाजारातून."

"का?"

तो स्टुलावर बसला. दोन्ही हात मांडीवर ठेवले. "रिकाम्या हातान तुझ्याकडे येवचा कसा? आणि तळ्यात आता तुका देवच्यासारख्या काय ऱ्हवला नाय, बाय."

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. वरचंही. त्याने सांगितलं की तुझ्या ओरडण्याच्या दुसऱ्या दिवशी जाळी टाकायला म्हणून पहाटे गेलो, तर वरच्या तळ्यातली काठाला येऊन फिरत होती. अगदी खालच्यासारखीच. तेव्हापासून तो रोज एकटाच जाऊन मेलेली गोळा करून पुरत होता. मग मला का नाही सांगितलंस, हे विचारायची गरज नव्हती. काय उत्तर येणार ते माहीत होतं. मला फार राग आला, त्याचा, स्वतःचा, त्या अख्ख्या खाजणाचा, आणि रडूही आलं. मी रडले. त्याच्या देखत, ओट्याला टेकून. तो उठून माझ्या पाठीवर हात ठेवायला आला, पण हाताला कोळंबीचा वास आहे म्हणून तसाच थांबला.

"हिका सांगूक नाय मी अजून," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ती खाली उतरत नाय, तिका ठाऊक नाय. वरच्यातली निघतली मगे गुडघ्याचा बघूया, असा मी बोलल्लंय तिका. तू पण बोला नको."

तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनी. दादाने हात हलवून, डोळे मोठे करून मला खुणावलं, नको, नको.

"वन्सं, पोचले काय ते? जेवले?"

"पोचला, वहिनी. आता जेवणारच आहोत."

"तुमी तपासलात?"

मी दादाकडे बघत होते. तो माझ्याकडे. "हो, तपासलं," मी म्हटलं. पलीकडे वहिनीचा आवाज अगदी बारीक झाला.

"वन्सं, माका ठाऊक आसा. वरच्याचाय. परवा काठी टेकत गेल्लंय मी, बघून इलंय. तुमी तेंका सांगू नकात हां. तेंका वाटता माका कळूक नाय. तेवढ्यावरच उभे आसत ते."

समोर दादा अजून मानेने नको नको करत होता. कानात वहिनी सांगू नकात म्हणत होती. ताटात बाजारची कोळंबी पडली होती, गॅसवर पाणी उकळत होतं, आणि मी एवढी दमले होते की आता यांच्यापैकी कोणासाठीही, कितीही प्रेमाने, आणखी एक ‘बाकी सगळं बरं’ माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. मी फोन कानावरून काढला आणि दादापुढे धरला.

"घे. तूच बोल तिच्याशी."

तो घेईना. मी त्याचा हात धरून फोन त्यात कोंबला आणि पाठ फिरवून ताटातली कोळंबी सोलायला लागले. तो चपला न घालताच गॅलरीत गेला, दार अर्धवट ओढून घेतलं, आणि मला ऐकू आलं, हळू, पण स्पष्ट.

"दोनय गेली गो."

मग बोलणं काही ऐकू आलं नाही. माझी सगळी कोळंबी सोलून झाली, तरी दोघांपैकी कोणी फोन ठेवला नव्हता.